पायाचा कागद : शुगर असेल तर सुटीच्या दिवशी घरी करायची तपासणी

शुगर आहे, गोळ्या चालू आहेत आणि पायाची काही तक्रार नाही? मग ही कृती तुमच्यासाठीच आहे. टाइप टू मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि पाय तक्रार करायचंच सोडून देतो. बुटात शिरलेली लोखंडाची चिप अख्खी शिफ्ट टोचत राहते आणि पत्ता लागतो तो घरी आल्यावर, मोज्यावर रक्ताचा डाग दिसला की. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. आज आपण पाय डोळ्यांनी बघू, बोटांनी चाचपू आणि जे सापडेल ते एका कागदावर लिहू. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलात, की तुमच्या पायाला धोका किती आणि कुठून आहे हे त्यांना झटकन कळेल.

सामान सगळं खोलीतलंच आहे. एक कोरा कागद, पेन, टॉर्चवाला मोबाइल, हातात मावेल असा आरसा, स्वच्छ पांढरा टॉवेल, रोजचे बूट, रोजचे मोजे, रिपोर्टची फाइल आणि मदतीला एक माणूस. बायको, नवरा, मुलगी, निघोज्यातल्या खोलीवरचा रूम पार्टनर, कोणीही चालेल. फक्त हात हलका हवा.

वेळ निवडा साप्ताहिक सुटीची संध्याकाळ. भोसरी-चिंचवडकडे बहुतेकांची सुटी गुरुवारी असते, तुमची असेल तेव्हा. थर्ड शिफ्ट करून आल्या आल्या बसू नका. डोळे मिटायच्या परीक्षेत झोप लागेल. पाऊण तास हाताशी ठेवा.

आधी कागद

१. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. एका बाजूला ‘उजवा’, दुसऱ्या बाजूला ‘डावा’ लिहा. दोन्ही पायांचं एकत्र लिहू नका. दोन पायांत पडलेला फरक हीच पुष्कळदा पहिली खूण असते.

२. शुगर कधी निघाली ते साल वर लिहा. आठवत नसेल तर पहिली गोळी कधी सुरू झाली ते लिहा. कंपनीच्या मेडिकलमध्ये गेल्याच महिन्यात निघाली असेल तरी ही तपासणी सोडू नका. टाइप टू बऱ्याचदा उशिरा सापडतो, तोवर आत काही वर्षं गेलेली असू शकतात.

३. फाइलमधून एचबीएवनसीचा शेवटचा आकडा शोधा आणि तारखेसह लिहा. हा साधारण तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आहे. ग्लुकोमीटरवरचा आज सकाळचा आकडा त्याच्या जागी लिहू नका. रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर शेजारी ‘जुना’ असं लिहा.

४. पायाला पूर्वी कधी जखम होऊन चिघळली होती का, एखादं बोट काढावं लागलं होतं का, ते लिहा. ‘हो’ असेल तर त्याभोवती मोठा गोल करा. ‘ती तर कधीच भरली’ म्हणून सोडून देऊ नका. ज्या पायाला एकदा जखम झाली त्याला पुन्हा होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

५. किडनीबद्दल डॉक्टर काही बोलले आहेत का ते लिहा. क्रिएटिनिन वाढलेलं, लघवीतून प्रथिन जातंय, डायलिसिस चालू आहे, जे असेल ते. डायलिसिस असेल तर त्यालाही गोल करा.

६. नजर धूसर झाली असेल तर तेही लिहा. पायाचा तळवा स्वतःला स्पष्ट दिसत नसेल किंवा वाकून पायापर्यंत हात पोचत नसेल, तर रोजची पाहणी दुसऱ्याने करायची, हे आजच ठरवून टाका.

७. तंबाखूचं खरं खरं लिहा. बिडी, सिगारेट, मळलेली तंबाखू, मिश्री, सगळं येतं. ‘शिफ्टला दोनच’ हेसुद्धा ‘हो’मध्येच धरायचं.

८. चालताना पोटरी आवळते का ते आठवा. गेटपासून लाइनपर्यंत जाताना पोटरीत गोळा येतो आणि दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळं वाटतं, असं होत असेल तर लिहा. ‘वय झालं’ म्हणून खोडू नका. पायाला रक्त कमी पोचत असल्याची ही खूण असू शकते.

९. रात्री पायाला काय होतं ते लिहा. मुंग्या, जळजळ, सुई टोचल्यासारखं, की गादीवरून चालल्यासारखं? आणि काहीच होत नसेल तर ‘काही नाही’ लिहा. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. खरी परीक्षा पुढे आहे.

आता पाय समोर घ्या

१०. कोमट पाण्याने पाय धुवा. पाणी आधी कोपराने बघा, किंवा मदतनीसाला हात घालायला सांगा. बधिर पायाने पाण्याची ऊब कधीही जोखू नका, पाय भाजेल आणि कळणारही नाही. बादलीत पाय बुडवून बसूही नका. भिजून कातडी फुगते आणि मग सहज फाटते.

११. टॉवेलने टिपून पाय कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसकट. घासू नका. टॉवेल पांढरा घेतला तो यासाठीच, रक्ताचा किंवा पुवाचा बारीकसा डागही लगेच दिसतो.

१२. ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसा आणि टॉर्च लावा. अंधाऱ्या खोलीत ‘दिसतंय तेवढं’ बघून उठू नका.

१३. आरसा फरशीवर ठेवून एकेका पायाचा तळवा बघा. आरशात जमत नसेल तर मदतनीसाला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटो ठेवून द्या, पुढच्या वेळी ताडून बघायला उपयोगी पडतात.

१४. घट्टे आणि कुरूप शोधा. दाब पडतो तिथे कातडी जाड होते: चवड्याखाली, अंगठ्याच्या कडेला, करंगळीवर. प्रत्येकाची जागा कागदावर लिहा. ब्लेडने तासू नका, मेडिकलमधली कॉर्न कॅप लावू नका. तिच्यातल्या ॲसिडने चांगली कातडीही जळते. घट्ट्याखाली काळं-निळं दिसलं तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. मग दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

१५. टाचेच्या भेगा बघा. भेग किती खोल आहे, लाल ओली आहे का, हे लिहा. कोरड्या भेगांना व्हॅसलिन किंवा साधं क्रीम लावा, बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नका. ओल्या भेगेला क्रीम नाही, डॉक्टर.

१६. बोटं एकेक करून उघडा आणि बेचक्या बघा. पांढरी भिजलेली कातडी, खाज, वास म्हणजे चिखल्या. पावसाळ्यात बाइकवरून भिजत कंपनीत पोचणारे आणि कूलंट सांडलेल्या फरशीवर आठ तास उभे राहणारे यांनी ही पायरी दुप्पट वेळ घेऊन करायची. चिखल्या किरकोळ समजू नका. त्या चिरेतूनच जंतू आत शिरतात.

१७. नखं बघा. जाड, पिवळी, कडेने मांसात रुतलेली असतील तर लिहा. कापायची तर सरळ आडवी कापा, कोपरे खोल गोलाकार कोरू नका. नखुरडं झालं असेल तर सुईने उकरू नका.

१८. पायाचा आकार बघा. बोटं वर उचलून वाकलेली आहेत का, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय का, पायाची कमान सपाट झाली आहे का? ‘माझा पाय पहिल्यापासून असाच’ असला तरी लिहायचं, कारण बूट तिथेच घासतो.

१९. दोन्ही पाय शेजारी ठेवून रंग ताडून बघा. एक पाय फिका, निळसर किंवा चकचकीत पातळ कातडीचा, नडगीवरचे केस गळालेले, असं दिसलं तर त्या बाजूला लिहा. काळं पडलेलं बोट दिसलं तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि थेट पायरी ३५ वाचा.

२०. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांची ऊब बघा. घोट्यापासून बोटांपर्यंत, एकदा उजवा, एकदा डावा. एक पाय थंड असेल तर लिहा. आता नीट ऐका: एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, सुजलेला, लालसर असेल, जखम नसेल आणि फारसं दुखतही नसेल, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून चोळू नका आणि त्या पायावर चालू नका. बधिर पायात आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असताना नेमकं असंच दिसतं. वेळेत प्लास्टर घातलं तर पायाचा आकार वाचतो. त्याच दिवशी डॉक्टर.

स्पर्शाची परीक्षा

सगळ्यात मोलाचा भाग आता येतो. यंत्र लागत नाही, एक बोट लागतं. ब्रिटनमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी बसवलेली ही परीक्षा आहे आणि घरात कोणालाही जमते. कोणी अगरबत्तीचा चटका देऊन, टाचणी टोचून किंवा गरम चमचा लावून ‘बघू, कळतंय का’ म्हणत असेल तर त्याला हात जोडून लांब बसवा. अशा तपासणीतूनच जखमा होतात.

२१. पलंगावर आडवे व्हा, पाय सरळ ठेवा, मोजे काढलेले. पाय एकमेकांना टेकू देऊ नका.

२२. मदतनीसाने तुमच्या एका पोटरीला हात लावून ‘हा उजवा’ आणि दुसरीला लावून ‘हा डावा’ असं मोठ्याने सांगावं. बघायला सोपं वाटतं, पण आडवं पडल्यावर बऱ्याच जणांचा डावा-उजवा गोंधळतो आणि मग सगळा निकाल चुकतो.

२३. डोळे मिटा आणि परीक्षा संपेपर्यंत मिटलेलेच ठेवा. किलकिले करून बघितलंत तर उत्तर डोळे देतील, पाय नाही.

२४. मदतनीसाने तर्जनीच्या टोकाने बोटाच्या शेंड्याला हलकेच स्पर्श करावा, एक ते दोन सेकंद. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. जोराने दाबलं की खोलवरचा दाब कळतो आणि बधिर पायही पास होतो.

२५. स्पर्श जाणवला की तुम्ही ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणा. जाणवला नाही तर गप्प राहा. मदतनीसाने ‘आता कळलं का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की माणूस हो म्हणतो.

२६. प्रत्येक बोटापुढे मदतनीसाने बरोबर किंवा चूक अशी खूण करावी. एका बोटाला एकच संधी. ‘परत एकदा लाव, लक्ष नव्हतं’ हे चालणार नाही. स्पर्श कळला नाही, हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती आहे.

२७. न कळलेली बोटं मोजा. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांचा स्पर्श कळला नसेल तर कागदावर ‘संवेदना कमी’ असं ठळक लिहा. एकही चुकलं नाही किंवा एकच चुकलं तर ‘संवेदना ठीक’. घाबरून लगेच पुन्हा परीक्षा घेऊ नका. पक्की खात्री डॉक्टर करतील.

नाडी शोधा

२८. मदतनीसाला पायाच्या वरच्या बाजूची नाडी शोधायला सांगा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून वर घोट्याकडे सरकत, पायाच्या मध्यावर तर्जनी आणि मधलं बोट हलकं टेकवायचं. स्वतःच्या अंगठ्याने नाडी बघू नये. त्याचेच ठोके जाणवतात. जोरात दाबलं तर नाडी हरवते.

२९. घोट्याच्या आतल्या हाडामागची नाडी शोधा. एक मिनिट तरी द्या. सापडली तर ‘आहे’, नाही सापडली तर ‘सापडली नाही’ एवढंच लिहा. ‘रक्त बंद झालं’ असा निष्कर्ष काढू नका. काही धडधाकट माणसांतही वरची नाडी हाताला लागत नाही आणि नवख्या बोटांना तर चुकतेच.

आता बूट

पायाच्या क्रीमवर लोक जेवढा खर्च करतात, त्याच्या निम्मं लक्ष जरी बुटाकडे दिलं तरी पुष्कळ जखमा टळतील, असं माझं ठाम मत आहे. लाइनवर उभं राहणाऱ्याच्या पायावर दिवसाचे आठ तास, ओव्हरटाइम असला तर बारा तास, बुटाचीच हुकमत असते.

३०. बूट उलटा करून फरशीवर आपटा. चिप, बर, खडा, स्क्रू, काय पडतं ते बघा. हे फक्त आज नको, रोज पाय घालण्याआधी करायचं.

३१. बुटात हात घालून आतून सगळीकडे चाचपा. स्टीलच्या टोपीची मागची कड, उसवलेली शिवण, गुंडाळलेला इनसोल, तळातून वर आलेलं टोक. हात हळू फिरवा, तीक्ष्ण काही असलं तर हातालाच लागेल. सापडलेली जागा पायावरच्या घट्ट्याच्या जागेशी जुळते का बघा. जुळली तर दोन्हीकडे एकच खूण करा.

३२. इनसोल काढून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी आणि पाय दोन्ही कडांच्या आत मावायला हवा. बसून मोजू नका, उभं राहिल्यावर पाय पसरतो. सकाळीही मोजू नका. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो आणि बूट त्यालाच पुरायचा असतो.

बूट अरुंद निघाला तर? सेफ्टी शूज सोडून चपलेवर शॉपवर जायचं नाही, हे पहिलं. पायावर जॉब पडला तर शुगर आणि बिगरशुगर असा भेद तो करत नाही. बुटावर आयएस १५२९८ हा शिक्का बघा. त्याच्या भाग २ मधल्या बुटाची टोपी २०० जूलचा आघात सोसेल अशी असते. त्याच दर्जाचा, पण रुंद पंजाचा किंवा एक नंबर मोठा जोड स्टोअरमधून किंवा सेफ्टी ऑफिसरकडून मागा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली की मागणीला वजन येतं. बूट कापून ढिला करू नका, टोपीची उघडी पडलेली कड पायात घुसते. फार मोठाही घेऊ नका. पाय आत सरकत राहिला की टाच सोलते. नवा जोड पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्टभर वापरू नका. दोन तास घाला, काढा, पाय बघा, लाल झालेली जागा असेल तर थांबा.

३३. रोजचे मोजे उलटे करून बघा. जाड शिवण, भोक, रफू, वरचं घट्ट इलॅस्टिक, डाग. पोटरीवर वळ उठवणारे मोजे बाद. शिवण टोचत असेल तर मोजे उलटे घाला, काही बिघडत नाही. भिजलेले मोजे शिफ्टभर अंगावर वाळवू नका, लॉकरमध्ये एक कोरडा जोड ठेवा.

हिशोब मांडा

३४. कागदाच्या तळाशी चार ओळी लिहा: बधिरपणा, रक्तपुरवठा, आकार, जुनं दुखणं. पायरी २७ मध्ये ‘संवेदना कमी’ असेल तर पहिल्या ओळीत खूण. पोटरी आवळणं, थंड किंवा फिका पाय, न सापडलेली नाडी असेल तर दुसरीत प्रश्नचिन्ह, कारण ते डॉक्टरांनी पक्कं करायचं आहे. वाकडी बोटं, बाहेर आलेलं हाड असेल तर तिसरीत. गोल केलेलं काही असेल, म्हणजे जुनी जखम, काढलेलं बोट किंवा डायलिसिस, तर चौथीत. घट्टे, शुगरचा आकडा, तंबाखू आणि नजर ही चार ओळींत बसत नाहीत, पण कागदावर राहू द्या. डॉक्टर ती बघतातच.

३५. आधी बघा की आजच निघायला हवं का. उघडी जखम, पू, वास, काळं बोट, पसरत जाणारी लाली, जखमेसोबत ताप किंवा थंडी, पायरी २० मधला गरम सुजलेला पाय, अचानक थंडगार पडून पांढराफटक झालेला पाय: यातलं एक जरी असेल तर उद्या नाही, आज. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, कोरड्या निर्जंतुक गॉजने झाका आणि निघा. हळद, चुना, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरू नका. पायावर जोर न देता, रिक्षाने जा; तब्येत ढासळलेली वाटली तर १०८ ला फोन करा. ‘शिफ्ट संपली की बघू’ हे इथे चालत नाही.

३६. तातडीचं काही नसेल तर पुढची तपासणी कधी ते ठरवा. पायाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दिलेलं वेळापत्रक सोपं आहे. बधिरपणाही नाही आणि रक्तपुरवठ्याची शंकाही नाही: वर्षातून एकदा. या दोनपैकी एक: सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही असतील, किंवा एकाच्या जोडीला वाकडा आकार असेल: तीन ते सहा महिन्यांनी. एकाच्या जोडीला जुनी जखम, काढलेलं बोट किंवा डायलिसिस असेल: एक ते तीन महिन्यांनी. मात्र पहिली तपासणी सगळ्यांनी लवकरात लवकर करून घ्यायची. घरचा हिशोब डॉक्टरांनी एकदा पक्का केला पाहिजे.

३७. कुठे जायचं ते लिहा. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसत असेल तर तुमचं हक्काचं ठिकाण म्हणजे ठरवून दिलेला ईएसआय दवाखाना आणि तिथून चिंचवडच्या मोहननगरमधलं कामगार विमा रुग्णालय. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले या योजनेत येतात, ठेकेदाराकडचे कामगारसुद्धा. पिंपरी-चिंचवड शहरात संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, सगळ्यांचं वायसीएम. खेड तालुक्याच्या बाजूला राहत असाल तर चाकणचं ग्रामीण रुग्णालय. जायच्या आधी ओपीडीची वेळ विचारून घ्या, नाहीतर रजा वाया जाते.

पगार बुडेल म्हणून जखम लपवणारे बरेच असतात, म्हणून हेही सांगते. ईएसआयच्या डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला आणि हप्त्यांच्या अटी पूर्ण असल्या, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. भरायला तीन आठवडे लागणारी जखम बुटात कोंबून तीन महिन्यांची करण्यापेक्षा हा दाखला मागा.

३८. डॉक्टरांसमोर कागद ठेवा आणि बूट-मोजे स्वतःहून काढा. हे सांगावं लागू नये, पण गर्दीच्या ओपीडीत शुगरचा पेशंट बुटासकट आत जातो आणि बुटासकट बाहेर येतो. बंद गळ्याचे बूट सोडायला वेळ लागतो, म्हणून बाहेर बाकावर बसल्या बसल्याच नाड्या सोडून ठेवा.

३९. हे विचारा: ‘डॉक्टर, मोनोफिलामेंटने पाय बघाल का? आणि नाडी?’ मोनोफिलामेंट म्हणजे १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतात. कंप पावणारा १२८ हर्ट्झचा चिमटाही लावतील. नाडीची शंका असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्या आहेत. १.३ च्या वर गेलं तर ‘उत्तम’ समजून घरी येऊ नका. शुगरमध्ये वाहिन्या कडक होऊन आकडा खोटा वाढतो, मग अंगठ्याचा दाब बघावा लागतो.

रोजचं काम

४०. उद्यापासून अंघोळीनंतर दोन मिनिटं पाय बघा: तळवा, बेचक्या, टाच. पायात घालण्याआधी बूट आपटा आणि हाताने चाचपा. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. टाचणी, काच, गरम फरशी स्वयंपाकघरातही असते. रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी नको.

४१. अनवाणी जायच्या जागा आधी हेरा. देहू-आळंदी आपल्याला हाकेच्या अंतरावर. एकादशीला, बीजेला, पालखीला पाय आपोआप तिकडे वळतात. ‘संवेदना कमी’ निघालेल्यांनी देवळाच्या अंगणात जाड मोजे घालावेत आणि चैत्र-वैशाखात दर्शनाला सकाळी लवकर जावं. दुपारी तापलेल्या दगडावर फोड येतात आणि ते कळतात दुसऱ्या दिवशी. पालखीबरोबर देहू ते आकुर्डी एवढं एक दिवसाचं चालायचं असेल तरी वापरून मऊ झालेले बूट घाला, नवे नकोत. प्रत्येक विसाव्याला बूट-मोजे काढून पाय बघा. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो बदलून घ्या. माउलींना आणि तुकोबांना तुमचे पाय पुढच्या आषाढीलाही हवे आहेत.

४२. कागदाचा फोटो काढून मदत करणाऱ्या माणसाला पाठवा. कागद तुमच्याकडून हरवेल, त्यांच्याकडून आठवण येईल.

४३. पायरी ३६ मधली तारीख मोबाइलमध्ये गजरासह टाका, सुटीच्याच दिवशीची. शिफ्ट बदलली तर तारीख पुढे ढकला, पण पुसू नका.